सांगायचं तेवढंच

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही कोलकात्यात आलो आणि इथलेच झालो. शहराच्या बेहाला भागात एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत मी समुपदेशन करते. येणारे बहुतेक बंगाली असतात. मराठी माणसं सहसा माझ्याकडे येत नाहीत. इथे आम्ही मूठभर, त्यामुळे एकाच्या घरी फोडणी पडली की दुसऱ्याला ठसका लागतो.

म्हणून ती दारात उभी राहिली तेव्हा मी चमकले. ती इंजिनिअरिंगला होती आणि लहानपणापासून इथेच वाढली होती. तिची आई आणि मी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला शेजारी बसणाऱ्या. मी आधीच म्हटलं, "तुझ्या आईला मी ओळखते. तुला अवघड वाटत असेल तर दुसऱ्या चांगल्या बाई सुचवते."

"नको काकू. त्यांच्याशी बंगालीत बोलायला लागेल. रडू मला मराठीतच येते."

मग मी सगळ्यांना सांगते ते तिलाही सांगितलं. इथे बोललेलं इथेच राहतं. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. पण तेव्हाही आधी तुला सांगेन. विमानातल्या सूचना ऐकतात तशी तिने मान हलवली.

ती दर आठवड्याला येऊ लागली. हे लिहायची परवानगी तिने दिली आहे, ओळखू येईल असं सगळं मी बदललंही आहे. पण तिला कशाचा त्रास होता, ते इथेही लिहिणार नाही.

एका दुपारी ती फार शांत होती. मला ती शांतता आवडली नाही, म्हणून सरळच विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का?" ती खिडकीकडे बघत म्हणाली, "येतो. गोळ्या पण जमवल्या." मग एकदम वळून म्हणाली, "आईला नका बोलू. प्लीज."

"घरी सांगावं लागेल, राजा."

"म्हणजे तुम्ही पण त्यांच्यातल्याच!" तिने बॅग उचलली. मी दाराशी गेले नाही, जागेवरूनच म्हटलं, "कोणाला सांगायचं ते तू ठरव. काय सांगायचं तेही आपण मिळून ठरवू. तू इथेच बसायचंस, तुझ्या पाठीमागे मी एक शब्द बोलणार नाही."

 ती बॅग मांडीवर घेऊन परत बसली. "बाबांना. आई आधी रडेल, मग मलाच तिला गप्प करायला लागेल."

तिचे बाबा हावड्याहून ऑफिस अर्धं टाकून आले. ते येईपर्यंत मी ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांची संध्याकाळची वेळ घेतली. बाबा समोर बसल्यावर तिच्याशी ठरल्याप्रमाणे मी तेवढंच बोलले: तिच्या मनात जीव संपवायचा विचार आहे, तिने गोळ्या जमवल्या आहेत, त्या आजच घरातून हलवायच्या, तिला काही दिवस एकटं ठेवायचं नाही आणि आता इथून डॉक्टरांकडे जायचं.

"पण का?" त्यांनी विचारलं. "कशामुळे?"

"ते तिचं आहे. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. आज तिचा जीव सांभाळायला एवढं पुरे."

मला वाटलं, ते चिडतील. त्यांनी नुसते डोळे पुसले आणि मुलीला विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का?" ती नाही म्हणाली, आणि मग दोघंही रडले. त्या दिवशी घरी गेल्यावर मी आधी चहा केला आणि बसून तो पूर्ण संपवला.

आईला त्यांनी घरीच सांगितलं. पुढच्याच आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या. "तुम्ही आमच्यातल्या. मला तरी सांगा, मी काय चुकले?" मी सांगू शकत नव्हते. त्या दुखावल्या. पुढे मंडळात त्या माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायच्या, आणि मला ते लागायचं. तरी मी बोलले असते, तर मुलगी परत आली नसती.

मुलगी येत राहिली. औषधं सुरू होती, बोलणं सुरू होतं. काही आठवडे वाईट गेले. मग हळूहळू ती परीक्षेबद्दल, कॉलेजच्या कँटीनमधल्या पाणचट डाळीबद्दल कुरकुरू लागली. कुरकुर ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. एक दिवस म्हणाली, "आईला सांगितलं. सगळं. मीच. ती रडली, पण मी तिला गप्प नाही केलं."

यंदा मंडळाच्या गणपतीत ती मैत्रिणींबरोबर प्रसाद वाटत होती. माझ्याकडे येणाऱ्यांनी आपणहून ओळख दाखवल्याशिवाय मी बाहेर कधी दाखवत नाही, म्हणून मी दुसरीकडे बघितलं. तर तिनेच भर गर्दीत हाक मारली. "काकू! इकडे या ना." आणि मैत्रिणींना म्हणाली, "ह्या माझ्या काउन्सेलर. मी खूप वाईट होती तेव्हा ह्यांच्याकडे जायची."

चार माना वळल्या. तिची आई शेजारीच होती. त्यांनी माझ्या द्रोणात आणखी एक मोदक ठेवला आणि म्हणाल्या, "बसा इथे. पाठीला पंख्याचा वारा लागतो."

मी बसले. मोदक अजून गरम होता.