उल्तिमाची चादर

आमच्या कास्तेलवार गावात मुलीचं नाव ठेवत नाहीत, तिच्या डोक्यावर काहीतरी लादून मोकळे होतात. नगरपालिकेत जन्माच्या नोंदी करायला मी सत्तावीस वर्षं बसते आहे आणि माझ्याआधी त्याच खुर्चीत माझे वडील बसत. तेव्हा हे ऐकीव नाही. मुलगा झालेला बाप छाती काढून येतो. काय तर म्हणे विन्चेन्झो, जिंकणारा. लेओनार्दो, सिंहासारखा. मुलगी झालेला बाप टोपी हातात चुरगाळत येतो आणि सांगतो, अदोलोराता. म्हणजे दुःखानं पिळवटलेली. अहो, दोन दिवसांचं पोर ते, त्याला कसलं दुःख? पण देवमातेचं बिरुद म्हटलं की सगळं खपतं. कुणी इम्माकोलाता लिहायला सांगतो, म्हणजे निष्कलंक, आणि पोर चौदा वर्षांची झाली की घरातले सगळे तिच्यावर डाग शोधायला बसतात. पस्तीस साली आपल्या सैन्यानं आफ्रिकेतलं अदुआ घेतलं, तेव्हा त्या एका हिवाळ्यात गावात तीन अदुआ जन्मल्या. पुढे आपण महायुद्ध हरलो. बापांनी पक्षाचे काळे सदरे जाळून टाकले. पोरींनी काय जाळायचं?

मला या सगळ्याची शिसारी येते. माझं स्वतःचं नाव एर्सिलिया. त्याचा अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही, म्हणून मी सुटले.

उल्तिमा मात्र सुटली नाही. तिचा बाप साव्हेरियो दगडाच्या खाणीत काम करायचा. त्याला पहिली मुलगी झाली, तिला त्याच्या आईचं नाव, फिलोमेना. दुसरीला सासूचं, कार्मेला, म्हणजे देवाची बाग. इथवर रीत होती. तिसरी झाली तेव्हा डोकं चालवायचा कंटाळा आला आणि देवमातेच्या स्वर्गारोहणाचा सण होता, म्हणून अस्सुन्ता. चौथी अदोलोराता. पाचव्या वेळी तो माझ्या वडिलांपुढे उभा राहिला तो टोपीसुद्धा न काढता.

"बोल साव्हेरियो, काय लिहू?"

"उल्तिमा."

"शेवटची? हे काय नाव झालं?"

"न होईना का. पुढची येत असेल तर तिनं दारावरची पाटी वाचावी नि माघारी जावं."

माझ्या वडिलांनी पोट धरधरून हसत ते लिहिलं. पुढे कितीतरी वर्षं रविवारी जेवताना ते हा किस्सा सांगायचे आणि आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे. आता ते आठवलं की तोंडाला कडू येतं.

आणि व्हायचं ते झालं. तेरा महिन्यांनी साव्हेरियोला मुलगा झाला. त्याचं नाव देसिदेरियो, हवाहवासा. झालं, गावानं ठरवून टाकलं की नाव लागू पडलं. उल्तिमानं मुलींचं दार लावलं! (हा हवाहवासा पुढे अर्जेंटिनाला गेला आणि आईबापाच्या मरणालाही त्याचं पत्र आलं नाही. त्यांची हगणीमुतणी काढली ती शेवटचीनं. पण ते गावाच्या लक्षात राहण्यासारखं नव्हतं.)

आमच्याकडे लग्नाच्या दोन दिवस आधी नवराबायकोचा पलंग सजवतात. दोन्ही घरच्या बायका जमतात, रुखवतातल्या चादरी एकेक उलगडून दाखवतात, उशीवर साखरी बदाम उधळतात. उल्तिमा नऊ वर्षांची असताना एका बाईच्या डोक्यात आलं की वरची चादर या पोरीच्या हातून घालून घ्यावी, म्हणजे सुनेला मुलीच व्हायच्या नाहीत. तेव्हापासून तिची सुटका नाही. दरसाल वसंत लागला की बोलावणी सुरू. ती जायची, चादर पसरायची, चार कोपरे गादीखाली दाबायची. बाहेर पायरीवर पुरुष दारू पीत बसलेले असत.

"काय उल्तिमा, कुलूप घट्ट लावलंस ना?"

"किल्ली कुठं ठेवलीस? आम्हाला दाखव की!"

नऊ वर्षांच्या पोरीला हे विचारायचे, आणि बायका आत तोंडावर हात धरून हसायच्या. बिदागी म्हणून डझनभर अंडी नाहीतर चीजचा गोळा. ती परत जाताना चौकातल्या कारंज्याशी थांबायची आणि कोपरापर्यंत हात धुवायची. मी आमच्या खिडकीतून बघायचे. नऊ वर्षांची असताना धुवायची, चाळिशीतही धुवायची.

त्यातून काही होत होतं म्हणावं, तर तेही नाही. मी एकदा हट्टानं नोंदी काढून बघितल्या. तिनं चादर घातलेल्या घरांत मुलगे अठ्ठावन्न आणि मुली एकसष्ट. हे मी बेकरीत बोलून दाखवलं, तर बेकरीवाला दोनातो मला म्हणाला, "उल्तिमाकाकीचा हात चांगलाच आहे, काही काही बायकांची कूसच वाईट." त्याला स्वतःला चार मुली. त्याची बायको अंजोलिना तिथंच पाव मोजत उभी होती. तिनं मान वर केली नाही. अशी ही माणसं. मला त्या पावावर थुंकावंसं वाटलं.

उल्तिमाचं लग्न झालं, एकच मुलगा झाला, गेरार्दो. पाठीवर मुलगी नाही, म्हणजे गावाच्या मते आणखी एक पुरावा. नवरा खाणीत दगडाखाली मेला. गेरार्दो मोठा झाला, बांधकामावर मुकादम झाला आणि सालेर्नोहून मिरेल्ला नावाची बायको करून आणली. या एकाहत्तर सालच्या मार्चमध्ये तिला मुलगी झाली.

आता आमची रीत अशी, की पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव. त्याला आम्ही टेकू म्हणतो. कलत्या भिंतीला लावतात तसा म्हाताऱ्या आजीला नातीचा टेकू. टेकू लावला नाही, तर मुलानं आईला जिवंतपणी पुरलं असं गाव म्हणतं. आणि रीतीचा दुसरा भाग असा, की आजीनं आधी नको नको म्हणायचं. "माझं जुनाट नाव कशाला त्या लेकराला?" असं तीनदा तरी म्हणायचं, डोळ्यांत पाणी आणायचं आणि मग मान तुकवायची. जी आजी नको म्हणत नाही, ती हावरट.

उल्तिमा नको म्हणाली. गेरार्दो हसला आणि त्यानं आईच्या कपाळाचा मुका घेतला. ती पुन्हा म्हणाली. शेजारणींनी डोळे पुसले, किती साधी बाई! तिसऱ्यांदा तर ती ओरडली, टेबलावरची बशी फोडली. त्यावर दोनातो म्हणाला, "अशी नाही म्हणणारी आजी मी जन्मात बघितली नाही. वा!"

तिचं नाही कुणाला ऐकूच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी ती माझ्या दाराशी उभी होती. बावन्न वर्षांची बाई, पण त्या दिवशी सत्तरीची दिसत होती.

"एर्सिलिया, तो उद्या येईल. तू लिहू नकोस."

"अगं, मी एकदा सांगू शकते, की बाबा हे नाव बरं नाही. बाप हटूनच बसला तर लिहावं लागतं."

"शाई संपली म्हण."

"मग परवा येईल. तू त्याला बसवून नीट सांगत का नाहीस?"

"सांगितलं. तो म्हणतो, आई, किती गं तुझा मोठेपणा!" ती बाकावर बसली. "आणि त्याच्या पोटात दुसरंच आहे. टेकूही लागेल आणि पुढं मुलगाही होईल, एका नावात दोन्ही. माझ्या मुलानं, एर्सिलिया! मी ज्याला पाजलं त्यानं! त्या पोरीलाही नवव्या वर्षी नेतील गं चादर घालायला. तिलाही विचारतील किल्ली कुठं ठेवलीस म्हणून."

माझ्या बापानं हसत लिहिलेलं आता मी न हसता लिहिणार होते, एवढाच काय तो फरक.

शुक्रवारी अकराच्या सुमारास गेरार्दो आला. कोट घालून, केसांना तेल लावून. साक्षीला दोघे हवेत, म्हणून दोनातो आणि चर्चची घंटा वाजवणारा एजिदियो. दोनातोनं साखरी बदामांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला.

"लिही मावशी," गेरार्दो म्हणाला. "उल्तिमा."

"गेरार्दो, हे नाव बरं नाही. लेकराला जन्मभर वागवायचं असतं."

"आईचं नाव बरं नाही? तुझ्या तोंडून हे?"

"लिही गं बाई," दोनातो म्हणाला. "पुढच्या साली मुलाचे बदाम खायला घालतो की नाही बघ!"

मी पेन उचललं. तेवढ्यात दार उघडून उल्तिमा आत आली. कामाचा एप्रन तसाच कमरेला, हात कोपरापर्यंत ओले. तिनं मुलाकडे बघितलं नाही, सरळ दोनातोसमोर जाऊन उभी राहिली.

"दोनातो, तुझ्या पलंगाची चादर कुणी घातली होती?"

"तूच की काकी."

"डोक्याकडच्या उजव्या कोपऱ्यात मी गाठ मारली होती. मुलींची गाठ. चार वेळा मारली, तुला चार झाल्या."

दोनातोचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"एजिदियो, तुझ्या भावाच्या पलंगालाही मारली. प्रत्येक पलंगाला मारली. चाळीस वर्षं. मी चादर घालायची ती मुलीच व्हाव्यात म्हणून. तुम्हा सगळ्यांची घरं मुलींनी भरून जावीत, तुम्ही रडत बसावं, म्हणून!"

"आई!" गेरार्दो ओरडला.

"जा, या एर्सिलियाला विचार. एकसष्ट मुली आहेत तिच्या वहीत."

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "एकसष्ट. मुलगे अठ्ठावन्नच." त्यात खोटं काहीच नव्हतं.

एजिदियोनं छातीवर क्रूस काढला. दोनातो लालबुंद झाला, त्यानं बदामांचा पुडा उचलून घेतला, आणि "चेटकीण!" म्हणून तिच्या पायाशी थुंकला. स्वच्छ फरशीवर. गेरार्दो त्या थुंकीकडे बघत होता. आईसाठी त्याला वाईट वाटत असेल असं मला वाटलं, पण नाही. तो पुटपुटला, "हे नाव आता ठेवायचं कसं? मला मुलगा कसा होणार?"

किळस म्हणतात ती मला तेव्हा आली, आणि ती आजही गेलेली नाही.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"मला काय माहीत! दुसरं काही ठरवलंच नव्हतं."

"तिच्या आईला विचार," उल्तिमा म्हणाली.

आमच्या ऑफिसच्या एवढ्या आयुष्यात हे वाक्य बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असेल. मीच वही बगलेत मारून उठले. आम्ही तिघं चढ चढून गेरार्दोच्या घरी गेलो. मिरेल्ला पलंगावर पोरीला पाजत होती. मी विचारलं, तर तिनं नवऱ्याकडे न बघता लगेच सांगितलं, "लीदिया." जसं काही नऊ महिने जिभेवरच होतं.

"घरात कुणाचं आहे?" गेरार्दोनं विचारलं.

"कुणाचंच नाही. मला आवडतं."

उल्तिमानं मला कोपऱ्यात ओढलं. "अर्थ काय गं त्याचा?"

"लीदिया नावाचा एक देश होता समुद्रापलीकडं, फार पूर्वी. तिथली बाई, एवढाच."

"म्हणजे नवस नाही? कुणाचं काही मागणं नाही?"

"नाही."

"बरं आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा हळूच, "लीदिया." साक्षीला मी खालच्या मजल्यावरचा चांभार आणि त्याचा जावई बोलावले आणि नोंद केली.

त्या रविवारी चर्चमध्ये उल्तिमा बसली त्या बाकावरून बायका उठून गेल्या. लग्नाच्या मोसमात एकही बोलावणं आलं नाही, अंडी नाहीत, चीज नाही. वाटेत तिला बघून नवऱ्या मुली रस्ता ओलांडायच्या. दोनातो तर भर बेकरीत तिला पाव द्यायचा नाही. पण गुरुवारी दुपारी दुकान बंद असताना अंजोलिना मागच्या गल्लीनं यायची, तिच्या उंबऱ्यावर ताजा पाव ठेवायची आणि निघून जायची. पंधरा वर्षं कूस वाईट म्हणून तिनं जे ऐकलं होतं, ते आता उल्तिमाच्या नावावर गेलं होतं ना.

जूनमध्ये मी उल्तिमाकडे गेले. ती दारात घेवडा सोलत बसली होती आणि टोपलीत लीदिया झोपली होती.

"एक विचारू?" मी म्हटलं. "ती गाठ तू खरंच मारायचीस?"

"वेडी आहेस का? चार-चार बायका डोळ्यांत तेल घालून भोवती उभ्या असायच्या. चादरीला सुरकुती पडली तरी ओरडायच्या. मी कुठली गाठ मारतेय!"

तिनं मूठभर दाणे भांड्यात टाकले आणि सालं एप्रनवरून झटकली.

"पण मारायला हवी होती," ती म्हणाली.