दांडी मुठीत धरायची नसते

देवाबद्दल मी लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लेखक वगैरे मी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि शेवटचं वर्षभर देवाशी माझं बोलणंही नव्हतं. त्याच्या घरच्यांनी मला माफ करावं. पण तुमसरच्या त्या व्हिडिओ गेमच्या मशीनसमोर त्याच्या शेजारी सर्वांत जास्त वेळ मीच बसलो, एवढ्याच हक्कानं लिहितो आहे...

देवा माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा. दहावीनंतर तो तुमसरच्या एका राइस मिलमध्ये लागला आणि मी तिथल्याच कॉलेजात. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही ज्यांना चाचा म्हणायचो, त्यांचं सायकल दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत कराटेचा व्हिडिओ गेम आला. पडद्यावर दोन पैलवान आणि समोर प्रत्येकासाठी डावीकडे एक दांडी, उजवीकडे दोन बटणं. आम्ही सगळे नांगराची मूठ आवळावी तशी दांडी आवळायचो आणि खांद्यापासून जोर लावायचो. देवा मात्र रोवणीत धानाचं रोप धरतात तशी ती धरायचा, अंगठा आणि दोन बोटांत, मनगट ढिलं ठेवून. रोप चिखलात टेकवलं की बोटं लगेच सुटतात. तसाच तो दांडी ढकलून सोडून द्यायचा. ती आपली आपण मधे येई, तोवर त्याच्या पैलवानाची लाथ बसलेली असे. बढाईखोर तर असा की विचारू नका. "मुठीत काय धरतं बे? म्हशीचं शेपूट हाये का?" हे सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणायचा. स्वतः हरला की मशीन बिघडलेली असायची. मी त्याचं बघून बघूनच शिकलो आणि हळूहळू त्याच्या बरोबरीला आलो.

मग मिलच्या पट्ट्यात त्याचा डावा हात सापडला. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. बऱ्याच दिवसांनी तो पुन्हा मिलवर जाऊ लागला, खोलीत आला, माझ्या शेजारी बसला आणि दोन्ही हात एकमेकांवरून ओलांडून उजव्या हातानं दांडी धरली. बटणं डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी दाबू लागला. मला बघवेना. मी हरायचं ठरवलं. पण सैल हाताला हरणं जमेना, तो सवयीनं बरोबरच चाले. म्हणून मी मूठ आवळली... आणि हरलो. देवानं बढाई मारली नाही. तो पडद्याकडे पाहतच नव्हता, माझ्या हाताकडे पाहत होता.

"मुठीत धरली तू."

"घाम आला होता बे. निसटून राहिली होती."

"मले भीक देऊन राहिला का?" एवढंच हळू बोलून तो निघून गेला.

त्यानंतर मी दिसलो की तो सायकल वळवायचा. मी त्याच्या घरी जाऊ शकत होतो. गेलो नाही. हरल्याबद्दल माफी कशी मागायची, हे मला समजत नव्हतं. पुढे शिकायला नागपूरला गेलो आणि परीक्षांचं निमित्त मिळत गेलं. शेवटी एवढं उमगलं की इलाज एकच आहे. शेजारी बसायचं आणि खरं खेळायचं. यंदा दिवाळीनंतर गावच्या मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, जायचं ठरवलं. मंडईला बाहेर गेलेली पोरं परततात, नाटक बघतात, वर्षाचे रुसवे तिथेच मिटवतात.

तुमसरला उतरून मी आधी चाचांकडे गेलो. मागच्या खोलीत जाऊन दांडीवर तीन बोटं टेकवली आणि देवाची वाट पाहत बसलो. मिल सुटायची वेळ झालीच होती. चाचा पंक्चरची ट्यूब हातात घेऊन दारात आले.

"कोणाची वाट पाहून राहिला?"

"देवाची."

चाचांनी हातातली ट्यूब खाली ठेवली. गावात घरोघरी माहीत होतं. मला कोणी कळवलं नव्हतं, कारण आमचं बोलणं बंद आहे हेही घरोघरी माहीत होतं.

"काविळीनं गेला तो, बेटा. दसऱ्याच्या आधीच." मग ते मशीनकडे पाहत म्हणाले, "आजारी पडेपर्यंत रोज येऊन बसे. उजव्या हातानं, तशीच रोपावानी दांडी धरून. मी म्हटलं, काहून एवढी मेहनत करतं? तर म्हणे, मंडईले येईल तो. यंदा त्याले मूठ सोडाले लावतो."