बघ्याची नोकरी

आश्विनातल्या उन्हाला ओल्या मातीचा आणि ताज्या चुन्याचा वास असतो, असं मला अजून वाटतं. कारण कल्याणच्या खाडीकाठी कौलांच्या कारखान्यात मी नोकरीला लागलो तो याच दिवसांत. देश नुकता स्वतंत्र झालेला, जिकडेतिकडे कारखाने उभे राहत होते. तरी काम कुठे अडतं, माल कुठे वाया जातो हे नुसतं उभं राहून पाहण्याचा कुणी पगार देतं, हे ऐकून डोंबिवलीतले आमचे शेजारी पोट धरून हसले. कारखान्यातल्या बायकांनी तर माझं नावच 'बघ्या' ठेवलं.

दसरा झाला आणि वाळवणीच्या छपरीत मांडलेली कच्ची कौलं भट्टीत जाण्याआधीच उलू लागली, त्यांना तडे जाऊ लागले. मॅनेजरसाहेबांचं मत ठरलेलं होतं: कौलं वाहणाऱ्या बायका निष्काळजी, दिवाळीपर्यंत सुधारणा नाही झाली तर त्यांना काढून कंत्राटदाराची माणसं आणायची. माझ्या पाहणीने त्यावर फक्त शिक्का बसायचा होता, आणि हे बायकांनाही ठाऊक होतं.

"काय बगतंस रं?" त्यांच्यातली वडीलधारी सगुणाबाई डोक्यावरची कौलांची फळी न हलवता म्हणाली, "आमचं हात काय पलून जातान?"

मी हसलो खरा, पण तिचं घर मला ठाऊक होतं. विधवा बाई, पदरात दोन पोरी. सारा संसार त्या फळीवर.

हात पाहून काही सापडेना, तेव्हा एका दुपारी मी कौलांपाशीच बसकण मारली. भिंतीकडच्या रांगा धडधाकट होत्या. खाडीकडच्या उलल्या होत्या, आणि त्याही वाऱ्याकडच्या कडेनेच. हातून आपटलेलं कौल इतक्या शिस्तीत उलत नाही. मग आठवलं: खंडेनवमीच्या पूजेसाठी छपरी झाडून, चुना लावून लख्ख केली, तेव्हा खाडीकडचे बांबूचे तट्टे उतरवले होते. पूजेला आलेले मालक त्या उजेडावर इतके खूश झाले की तट्टे परत लावायला कुणी धजावलंच नाही. खोटं कशाला बोलू, शुभ्र भिंतींवर हलणारी ती पाण्यावरून येणारी उन्हाची तिरीप मलाही फार आवडायची. तरी खाडीचा वारा थेट लागून कौलं एका कडेने भराभर वाळतात नि उलतात, तट्टे परत लावा, असं मी साहेबांना जाऊन सांगितलं.

"अहो, पण मालकांना उजेड आवडलाय," साहेब कपाळ पुसत म्हणाले.

"मग साहेब, कौलांऐवजी उजेडच विकू या की!"

माझी जीभ जरा सैलच होती. साहेब रुमालाची घडी घालत म्हणाले, "बरं. अर्धी बाजू झाकून बघा."

झाकलेल्या बाजूची कौलं सावकाश, अखंड वाळली, आणि कंत्राटदाराचा विषय तिथेच मिटला. उरलेले तट्टे बांधताना सगुणाबाईने सुंभाचं एक टोक माझ्या हातात दिलं. गाठ बसली तशी छपरीत दाट, गारसर काळोख पसरला, आणि ज्या हातांवर मी इतके दिवस नजर ठेवून होतो ते मला दिसेनासे झाले. ऐकू येत होतं ते फक्त बायकांचं बोलणं: माघात सगुणाबाईच्या थोरलीचं लग्न काढायचं, मांडव कुठे घालायचा, जेवायला काय करायचं. मी तसाच अंधारात उभा राहून ऐकत होतो.