उंबऱ्यावरच्या चपला

निपाणीतल्या आमच्या चित्रशाळेला परवा नवी फरशी बसली आणि आज दारावर पाटी दिसली, 'चपला बाहेर काढाव्यात'. कुणीतरी चांगल्या मनानंच लावलीय. पण सकाळपासून माझं कशातच लक्ष लागत नाही.

ही जागा पूर्वी तंबाखूची वखार होती. सुरुवातीला भिंतींचा उग्र वास नाकात शिरायचा, शिंका थांबायच्या नाहीत. येईल त्याच्या हातात ब्रश द्यायचा, एवढाच माझा नियम. त्या दिवसांत सदलग्याहून सुमनआक्का आली. पायांत लहानपणापासून बळ नाही. दोन्ही हातांत चपला घालून ती जमिनीवरून सरकत यायची. उंबऱ्यापाशी इतरांच्या चपला दिसल्या तशी तिनंही हातांतल्या काढल्या, ओळीत मांडल्या आणि खरबरीत कोब्यावर उघडे तळवे टेकत आत यायला लागली.

"आक्का, तुम्ही राहू द्या की," मी म्हटलं.

"का? समद्यांनी काढल्यात न्हवं? मी येगळी हाय व्हय गं?"

मी बाहेर गेले, माझ्या चपला घातल्या आणि तशीच आत आले. एकेक करून सगळे उठले, चपला घालून आले. शेवटी आक्कानंही घातल्या.

तेव्हा वाटलं होतं, सुटला प्रश्न. आता कळतं, तो दर नव्या फरशीबरोबर परत येणार.

आक्का येईलच एवढ्यात. मी पाटी उतरवली, अंगणातल्या चिखलात चपला मुद्दाम बुडवल्या आणि पांढऱ्याशुभ्र फरशीवरून पार टोकापर्यंत चालत गेले.