हाताशी न येणारा पट्टा

रूथबाई गाडीत बसल्या होत्या, इंजिन सुरू होते आणि त्यांचा डावा हात उजव्या खांद्यावरून मागे काहीतरी चाचपडत होता. मी वर्कशॉपच्या दारात उभा राहून पाहत होतो.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमचं काम उत्तम असेल. फक्त मला ते सापडत नाही."

माझे वर्कशॉप दौंडला, स्टेशनजवळ होते. त्याआधी मी टेक्निकल शाळेत शिकवत असे, म्हणून सगळे मला मास्तरच म्हणत. रूथबाई शिरूरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या. दवाखान्याची औषधे रेल्वेने दौंडला येत आणि ती न्यायला त्या स्वतः गाडी घेऊन येत. पेट्या उचलायला सोबत यशवंतआबा असत. हे दवाखान्याचे जुने नोकर. गाडी धुणे आणि राखणे त्यांच्याकडेच होते.

गाडी पन्नासच्या दशकातली, विलायती, दोन दारांची. आज तिला लोक क्लासिक म्हणतील. तेव्हा ती नुसती जुनी होती. आदल्या वर्षी वरवंडजवळ अंधारात बैलगाडी आडवी आली. बाईंनी ब्रेक दाबला, त्या स्टिअरिंगवर आदळल्या आणि उजवा खांदा कायमचा आखडला. दवाखान्याच्या आधीच्या, विलायतेला परतलेल्या डॉक्टरांना हे कळले, तेव्हा त्यांनी तिकडून दोन सीटबेल्ट पाठवले. आपल्याकडे तोवर ते कोणी फारसे पाहिलेले नव्हते. पुण्यात कोणीतरी ते बसवून दिले.

मग दवाखान्याच्या कमिटीने ठराव केला. बाईंनी पट्टा स्वतःच्या हाताने लावून गाडी चालवावी. ते जमत नसेल तर गाडी विकावी. ड्रायव्हर ठेवण्याची सोय नव्हती. गाडी गेली की कवठे येमाईचे आठवड्याचे तपासणी केंद्र बंद पडणार होते. बाळंतपणाच्या बाया तिथे त्यांची वाट पाहत, आणि बाई बहुधा एकट्याच जात.

अडचण नीट समजून घेऊ. सीटबेल्टचे एक टोक दारामागच्या खांबाला वर बोल्टने बांधलेले असते, दुसरे खाली जमिनीला. मध्ये एक धातूची जीभ असते. ती छातीवरून ओढून डाव्या बाजूच्या बकलात अडकवायची. आता पट्टा आपोआप गुंडाळला जातो. तेव्हाचा नुसता लोंबत असे. दोन दारांच्या गाडीत दार रुंद, म्हणून खांब बराच मागे. बाई ठेंगण्या, म्हणून सीट पुढे ओढलेली. थोडक्यात, खांद्याला मागे वळायची मनाई आणि पट्टा मात्र मागे.

मी दोन गोष्टी केल्या होत्या. बकल सीटखाली घसरत असे. त्याच्या पट्टीवर रेडिएटरच्या रबरी नळीचा तुकडा चढवला, म्हणजे ते ताठ उभे राहील. सीटच्या पाठीवर, खांद्याशी, चामड्याची एक पट्टी शिवून घेतली आणि तिला टिचबटण लावले. तिच्यातून पट्टा गेला की जीभ कानाजवळ येई. मी स्वतः तपासून पाहिले होते. काम चोख होते.

आणि तरीही बाईंचा हात रिकामा फिरत होता. मी दार उघडले. टिचबटण उघडे होते आणि पट्टा मागच्या सीटवर, व्यवस्थित घडी घालून ठेवलेला होता.

"पेट्या भरताना सीट वाकवावी लागती," आबा म्हणाले. "पट्टा आडवा येतो, म्हनून सोडला."

"ठीक. पण मग परत लावायचा ना?"

"लावू की."

पुढच्या खेपेला बटण लावलेले होते. आत पट्टा नव्हता. तो जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, सुतळीने बांधून खांबापाशी टांगला होता. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, भाकरी बांधून ठेवली आहे.

"आबा, हे काय आहे?"

"धूळ लागती, मास्तर. विलायतेचा जिन्नस हाय. रोजच्याला वापरला तर चार म्हैन्यांत इटंल. ठेवणीतला हाय त्यो."

"ठेवणीतला म्हणजे कधी काढायचा?"

आबांनी खरोखर विचार केला. "नाताळाला काढू. न्हाईतर बिशपसाहेब आले म्हंजी."

"आणि बैलगाडी जूनमध्ये आडवी आली तर?"

"तवा बाई हळू चालवतील."

बाई खिडकीबाहेर पाहत हसू दाबत होत्या. मला हसू येत नव्हते. कमिटीचे सेक्रेटरीसाहेब गाडी पाहायला पुढच्याच आठवड्यात येणार होते, आणि मी शाळेत मुलांना समजावत असे तसे आबांना समजावत होतो. पट्टा चिवट असतो, धुळीने त्याचे काही बिघडत नाही, तो वापरण्यासाठीच आहे. आबा प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होते. आमच्या भागात असे सलग "व्हय" आले की समोरच्याचे ठरलेले आहे, असे समजावे.

मी चिडूनच आत गेलो. समजावणे थांबवून कामाकडे पाहिले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आबा आळशी नव्हते, विसराळूही नव्हते. वस्तू जागच्या जागी ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि मी पट्ट्याला जागा अशी दिलीच नव्हती; नुसती वाट दिली होती.

चामड्याची पट्टी काढून टाकली. तिच्या जागी सीटच्या पाठीवर आकड्यासारखी पितळेची खुंटी बसवली, घासून चकचकीत केली. तिचे तोंड उघडे ठेवले. पट्टा लावताना तो खुंटीवरून सुटून यायला हवा. धक्का बसल्यावर ताण खांबाने घ्यायचा असतो, खुंटीने नव्हे.

"आबा, सामान भरून झालं की पट्टा इथे ठेवायचा. ही त्याची ठेवणीतली जागा."

आबांनी खुंटीवरून अंगठा फिरवला. "पितळ हाय?"

"पितळ."

"मंग अभ्रा शिवू का वरनं?"

"पट्ट्याच्या वरच्या भागाला शिवा. जिभेला हात लावायचा नाही."

"आसं आधी सांगायचं, मास्तर," आबा म्हणाले.

सेक्रेटरीसाहेब आले त्या दिवशी मला शिरूरला बोलावणे होते. पट्टा खुंटीवर होता, पांढऱ्या अभ्र्यात. बाईंनी डावा हात कानाशी नेला, जीभ धरली, छातीवरून ओढली. बकलाचा टक्क असा आवाज झाला. उजवा हात मांडीवरून हललाही नाही.

"छान," साहेब म्हणाले. "नियम सगळ्यांच्या भल्याचाच असतो. चला, कवठ्याचं केंद्र पाहून येऊ." ते बाईंच्या शेजारी बसले आणि दार लावून घेतले.

"साहेब, तुमचा पट्टा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मागे हात घातला. हाताला एक लांबट गाठोडे लागले. आबा खिडकीशी आले.

"त्यो शिवून ठिवलाय, साहेब. चारी बाजूंनी. तिकडं कुनी बसत न्हाई, म्हनून. उसवायला लागंल. कातर आनू?"

"राहू द्या हो. इथल्या इथे तर जायचंय."

बाईंनी इंजिन बंद केले आणि किल्ली काढून मांडीवर ठेवली.

"आणा कातर, आबा. आम्ही थांबतो."

आबांनी एकेक टाका जपून उसवला, कारण दोरा परत वापरायचा होता. साहेब समोर पाहत बसले. गाडी विकण्याचा विषय कमिटीत पुन्हा निघाला नाही आणि कवठ्याचे केंद्र बाई निवृत्त होईपर्यंत चालले.

त्यानंतर वर्कशॉपला कोणतीही गाडी आली की मी कामाला हात लावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारू लागलो. गाडी चालवतो कोण, आणि धुतो कोण.