थंडीत तेलाचा काटा हलेना

मंडळी, आज पहाटे नरडाण्याला इतकं धुकं होतं की माझी मोटार ढगात उभी आहे असं वाटलं. मागच्या बाकावर शेजारच्या अक्कांची सून सखू कळा सोसत होती. तिला धुळ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, पण तेलाच्या दाबाचा काटा शून्यावरच. मी लगेच इंजिन बंद केलं. तसंच दामटलं असतं तर वाटेत जाम झालं असतं.

तेल मोजायची दांडी काढून पाहिली. तेल भरपूर होतं, पण काकवीसारखं घट्ट.

"भाऊ, तेल गोठी गयं," अक्का म्हणाल्या. "मी चुल्हावर तपाडी देस."

इंजिनातलं तेल पातेल्यात काढलं, अक्कांनी ते चुलीवर कोमट केलं, मी परत ओतलं आणि पुन्हा हँडल मारलं. काटा हळूहळू चढला आणि आम्ही धुक्यातून तरंगत निघालो.

दुपारी सखूला मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं व्हरांड्यात ऐकलं, ते अजून कानात आहे.

थंडीत तुम्ही तेलाचं काय करता?