अप्पांच्या देवांचे दागिने

चिटगुप्प्यात शाळेवर नोकरीला लागले तेव्हा मी ज्यांच्या घरी भाड्याने राहिले, ते अप्पा तळहाताएवढ्या कागदावर अख्खं गोकुळ बसवत. गाई, गवळणी आणि वर करंगळीवर गोवर्धन तोललेला कृष्ण. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, रंग शिंपल्यात कालवलेले. देवघरात लावायला म्हणून दुबलगुंडीपासून लोक येऊन चित्रं घेऊन जात.

देवाचे डोळे ते सगळ्यात शेवटी रेखत. आधी आंघोळ, मग दार बंद. "डोळं ज्यानं रेखलं, देव त्याच्याकडंच बघतोय," असं म्हणत. बायकोनं, म्हणजे अक्कांनी, लग्न झाल्यापासून त्यांचे रंग घोटले होते. कुंचल्याला मात्र हात लावायचा नाही.

पुढे अप्पांना मोतीबिंदू झाला. ते काही कबूल करीनात. "उजेडच कमी पडायलाय, बाई," असं भर उन्हाळ्यात सांगत. एकदा कृष्णाचा डावा डोळा कानाच्या पाळीवर पडला. अप्पा चित्र वाळत ठेवून, जेवून आडवे झाले. अक्कांनी कुंचला घेतला, कानावरच्या डोळ्याचं कर्णफूल केलं आणि नवा डोळा जागेवर रेखला. मी दारातच उभी होते.

"सांगू नका त्यायला," त्या म्हणाल्या.

त्यानंतर गोकुळात सुबत्ता आली. गवळणीच्या गालावर सांडलेला डोळा नथीचा मोती झाला. एका गाईच्या कपाळावर कवड्यांची माळ आली. गिऱ्हाइकांना हे फार आवडलं.

सरकारी दवाखान्यात डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा अप्पांना ऑपरेशनला मीच तयार केलं. आदल्या दिवशी अक्का माझ्या खोलीत येऊन बसल्या. "दिसू द्या त्यायला. पण दिसल्यावर माझ्याशी बोलतील का न्हाई, कुणास ठावं."  आपण उगाच पुढाकार घेतला असं मनात आलं.

ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा मिळाला त्या दिवशी अप्पा चहा न घेताच शिल्लक चित्रांपुढे बसले. एकेक उचलून पाहिलं. चुलीवर अक्कांची भाकरी करपली.

"दागिने लई झालेत," अप्पा म्हणाले.

"व्हय."

"कवापासून?"

"तीन वर्षं झाली."

पुढचे चार दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. अक्का रंग घोटत होत्या, ते गोवर्धन रंगवत होते. पाचव्या दिवशी बिनडोळ्यांचा कृष्ण त्यांनी अक्कांपुढे ठेवला, वर कुंचला.

"आंघोळ झाली का?"

"झाली."

"मग रेख. तू डोळं रेखलेल्या चित्रांतला देव माझ्याकडंबी बघायलाय." आणि बाहेर येऊन त्यांनी स्वतःच दार ओढून घेतलं.

माझी बदली झाली तेव्हा ते चित्र दोघांनी मला दिलं. आता दोघंही नाहीत. डोळे अगदी जागच्या जागी आहेत. तरी अक्कांनी एका कानात कर्णफूल घातलंच आहे.